पाकीट फेकू नका, चिठ्ठी मागा : वायकिंग-सॅक्सन वस्तू जमवणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार,

हे पत्र नेटवरून वायकिंग अंगठ्या, अँग्लो-सॅक्सन ब्रोच, पट्ट्याची टोकं (पट्ट्याच्या टोकाला बसवलेली धातूची नक्षीची पट्टी), चांदीचे तुकडे असलं काही विकत घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. वायकिंग म्हणजे स्कँडिनेव्हियातून इंग्लंडवर चालून आलेले लोक, अँग्लो-सॅक्सन म्हणजे त्यांच्या आधीपासून इथे असलेले जुने इंग्लिश, आणि ब्रोच म्हणजे कपड्याला लावायची नक्षीची पिन. मग तुम्ही पुण्यात असा, ठाण्यात असा, नाहीतर माझ्यासारखे इकडे इंग्लंडात येऊन राहिलेले असा. आपल्यातले बरेच जण हल्ली या नादाला लागलेत, आधी शिवराया आणि मुघल रुपये जमवणारे आता मला "ओरिजिनल वायकिंग" म्हणून फोटो पाठवतात आणि विचारतात ताई हे खरं आहे का. मला कळतं तेवढं मी सांगते, पण त्याआधी मी एकच विचारते, की याच्याबरोबर चिठ्ठी आली का? कुठल्या गावात, कुठल्या शेतात, कधी सापडलं हे लिहिलेली चिठ्ठी. बहुतेक वेळा उत्तर येतं, चिठ्ठी वगैरे काही नाही, पण पीस भारी आहे. त्या उत्तराने मला रात्रीची झोप लागत नाही म्हणून हे पत्र.

मी मूळची नाशिकची, सराफी घरातली. आमच्या पेढीवर गहाण आलेला एकेक डाग वेगळ्या कागदी पुडीत असायचा आणि वर चिठ्ठी, नाव, गाव, वजन, तारीख. लहानपणी एकदा मी दोन-तीन पुड्या सोडून नथी खेळायला घेतल्या आणि चिठ्ठ्या इकडे तिकडे झाल्या. आजोबा ओरडले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत वह्या काढून तागडीवर वजनं जुळवत बसले होते, आणि मला शेजारी बसवून एवढंच म्हणाले, "आता ही नथ कुणाची म्हणून द्यायची मी?" मला वाटतं संग्रह करण्याबद्दल मी जे काही शिकले ते त्या एका रात्रीत शिकले, बाकी सगळं नंतर वाचून आलं.

आता मी लिंकनजवळ राहते. इथून थोड्याच अंतरावर ट्रेंट नदीच्या काठी टॉर्क्सी नावाचं छोटं गाव आहे. इ. स. ८७२-७३ चा हिवाळा वायकिंगांच्या मोठ्या सैन्याने तिथे काढला असं जुन्या बखरीत एका ओळीत लिहिलेलं आहे, पण नेमकं कुठे ते कित्येक वर्षं कोणाला सांगता येत नव्हतं. ते कळलं कशावरून, तर शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं सापडलेली बारीकसारीक वस्तू नोंदवली त्यावरून. सोन्याची नाही हो. शिशाच्या सोंगट्या! वायकिंग सैनिक पटावर खेळायचे त्या, आतून पोकळ, टोपीसारख्या, हातात घेतल्या तर मासेमारीच्या जाळ्याचं वजन वाटावं अशा. शेकड्यांनी सापडल्या. शिवाय इस्लामी जगातले चांदीचे दिरहम, तेही कापून तुकडे केलेले, तोलायची वजनं, आणि कापलेल्या चांदीचे तुकडे. यॉर्क आणि शेफील्ड विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा ५५ हेक्टरची छावणी उभी राहिली डोळ्यासमोर. यातली एक सोंगटी तुम्ही कुठूनतरी विकत घेतली तर ती शिशाचा गोळा आहे, फार तर दहा-वीस पौंडाचा, पण नकाशावर तिचा ठिपका असला की ती त्या सैन्याचा पुरावा आहे. वस्तू तीच.

त्या चांदीच्या तुकड्यांबद्दल थोडं जास्त सांगते कारण आपल्याला ते पटकन कळतं. इंग्रजीत त्याला हॅकसिल्व्हर म्हणतात, आपण सरळ मोड म्हणू. बाई जशी अडीअडचणीला पाटली मोडते तशी वायकिंग लोक कडं कापायचे, ब्रोच कापायचे, नाणं कापायचं, आणि तुकडा तागडीत टाकून सौदा करायचे. नाण्यावर राजाचं तोंड कोणाचं आहे याला किंमत नाही, वजन आणि कस बघायचा. कस बघायला सुरीच्या टोकाने चांदीला टोचा मारायचे, ते बारीक टोचे अजून दिसतात, भिंगातून बघितलं की अंगावर काटा येतो, अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी अगदी आमच्या आजोबांसारखा डोळे बारीक करून बघितलं असणार. १८४० साली प्रेस्टनजवळ रिबल नदीच्या काठाची डागडुजी करताना मजुरांना शिशाच्या पेटीत असाच ढीग सापडला, क्युअरडेलचा निधी, साडेआठ हजाराच्या वर वस्तू आणि चाळीस किलोच्या आसपास चांदी. त्यातला मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, लंडनला आलात की बघाच.

तर मुद्दा. इथला कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घ्या कारण अर्धवट माहितीवरच डीलर आपल्याला गुंडाळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. तीनशे वर्षांहून जुनी, नाणं सोडून दुसरी कुठलीही वस्तू, तिच्यात दहा टक्के तरी सोनं किंवा चांदी असेल तर ती सापडल्यापासून (किंवा ती ट्रेझर असावी असं लक्षात आल्यापासून) १४ दिवसांत कळवावी लागते, मग चौकशी होते, म्युझियमला हवी असेल तर किंमत ठरते आणि ते पैसे साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जातात. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहेच, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. इथला फरक हा की पैसे खरंच मिळतात आणि चांगले मिळतात. पण तांब्या-पितळेचा, ब्राँझचा एकटा ब्रोच, पट्ट्याचं टोक, शिशाची सोंगटी या गोष्टी बहुतेक वेळा या कायद्यात येतच नाहीत. त्या नोंदवायच्या की नाही हे ज्याला सापडलं त्याच्या मनावर. त्यासाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, १९९७ पासून, भागाभागात त्यांची माणसं नेमलेली असतात, वस्तू दाखवा, ते मोजतात, फोटो काढतात, नंबर देतात आणि वस्तू परत तुमच्या हातात. पंधरा लाखांच्या वर वस्तू नोंदल्या गेल्यात आणि कोणीही घरबसल्या बघू शकतो, पुण्यातूनसुद्धा.

आणि आपण जे विकत घेतो ते सगळं याच दुसऱ्या प्रकारातलं असतं! म्हणजे कायदा जिथे थांबतो तिथे आपण उभे आहोत. म्हणून मी म्युझियमला किंवा सरकारला पत्र न लिहिता तुम्हाला लिहितेय. गिऱ्हाईक चिठ्ठी मागत नाही म्हणून डीलर ठेवत नाही, डीलर ठेवत नाही म्हणून शोधणारा लिहीत नाही.

एक उदाहरण देते, २०१५ सालचं, त्या एका वर्षात दोन निधी सापडले आणि दोन्हीत जवळजवळ एकाच काळाची, एकाच जातीची नाणी होती. पहिला जूनमध्ये, हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ. दोघे जण जमीनमालकाला न विचारता शेतात शिरले आणि त्यांना सोन्याची अंगठी, सोन्याचं कडं, सोन्यात बांधलेला स्फटिकाचा गोळा, चांदीची लगड आणि अंदाजे तीनशे नाणी सापडली. त्यांनी नाणी डीलरांमार्फत गुपचूप विकायला काढली. फोनमधले पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले त्यात सगळा ढीग एकत्र दिसतो, म्हणजे आज त्या ढिगाचं पूर्ण रूप म्हणजे फोनमधला फोटो. २०१९ साली त्यांना शिक्षा झाली, दहा वर्षं आणि साडेआठ वर्षं, अपिलात कमी झाली ती वेगळी गोष्ट. नाणी मात्र तेव्हा तीसेकच हाती लागली. २०२३ मध्ये डरहॅमला दुसऱ्याच दोन माणसांना ४४ नाणी विकायच्या कटाबद्दल शिक्षा झाली, तीही याच निधीतली असावीत असं मानतात. बाकीची कुठे आहेत? कोणाच्या तरी कपाटात, अल्बममध्ये. कोणीतरी विकत घेतलीत ना ती, न विचारता.

दुसरा निधी ऑक्टोबरमध्ये, ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनजवळ. ज्याला सापडला त्याने हात आवरला आणि कळवलं. मातीच्या ढेकळासकट तो उचलून लंडनला नेला आणि लॅबमध्ये सावकाश सोडवला. १८६ नाणी, सात दागिने, पंधरा लगडी. ॲशमोलियन म्युझियमने २०१७ मध्ये साडेतेरा लाख पौंड देऊन घेतला. आता यात महत्त्वाचं काय, तर त्यातल्या काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि ती नाणी दोन राजांनी पाडली, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ (वेसेक्स आणि मर्सिया ही तेव्हाच्या इंग्लंडातली दोन राज्यं). बखरीत आल्फ्रेडच्या बाजूच्या लोकांनी या केओलवुल्फला मूर्ख, वायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून हिणवलंय, आणि इथे तर दोघे बरोबरीने एकाच नमुन्याची नाणी पाडतायत! म्हणजे दोघांचं सख्य होतं, नंतर आल्फ्रेड मोठा झाला आणि दुसऱ्याचं नाव पुसलं गेलं. आपल्याला बखरींची सवय आहे, जिंकणाऱ्याच्या घरी लिहिलेली बखर कशी असते ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. एका राजावरचा अन्याय अकराशे वर्षांनी नाण्यांमुळे कळला, आणि त्याच काळाची, हेरफर्डशरच्या निधीतली दोनशेच्या आसपास नाणी आज पत्ता नसलेल्या अवस्थेत फिरतायत.

तुम्ही म्हणाल आम्ही काही निधी घेत नाही, आम्ही आपले पन्नास पौंडाचे ब्रोच घेतो. बरोबर, मीही तेच घेते. मग ब्रोचचंच बोलू. पूर्व इंग्लंडात वायकिंग स्थायिक झाले तेव्हा बायका आल्या होत्या का, की नुसते पुरुष येऊन इथल्या बायकांशी लग्न करून राहिले, हा जुना वाद. कबरी फार थोड्या सापडल्यात. पण नॉरफोक, लिंकनशर वगैरे भागात शेतात सापडलेले पाचशेच्या वर स्कँडिनेव्हियन वळणाचे ब्रोच आणि लॉकेट जेन कर्शॉ यांनी अभ्यासले, बहुतेक साध्या तांब्याच्या मिश्रधातूचे, कोणी ढुंकून बघणार नाही असे, आणि त्यातून त्या बायका दिसायला लागल्या. कशा, तर ब्रोचच्या मागच्या बाजूवरून! इंग्लिश पद्धतीचा गोल ब्रोच सपाट असतो आणि पिन अडकवायला मागे एकच कान असतो. तिकडून आलेला बहुधा फुगीर असतो, पिनेला दोन कान आणि शिवाय साखळी किंवा लोलक लटकवायला एक कडी. म्हणजे तो वेगळ्या कपड्यावर वेगळ्या तऱ्हेने घालायचा. आणि काही असे आहेत की पुढून नक्षी वायकिंग आणि मागून फिटिंग इंग्लिश, म्हणजे इथल्याच सोनाराने इथल्याच बाईसाठी केलेला पण फॅशन तिकडची. मला हे इतकं ओळखीचं वाटतं, नाशिकच्या कारागिराने बंगाली डिझाइनचं कडं करावं पण फिरकी आपली लावावी तसं. म्हणून फोटो मागवताना मागचा फोटो आधी मागवा. डीलर पुढचाच देतात, कारण मागे गंज असतो आणि दिसायला वाईट असतं.

आता माझ्यावर गुदरलेली गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला हक्क नाही. चार वर्षांपूर्वी एका छोट्या लिलावात एका वारलेल्या डिटेक्टरवाल्या आजोबांचा संग्रह आला होता. आदल्या आठवड्यात मी बघायला गेले तेव्हा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शे-दीडशे छोटी खाकी पाकिटं होती, प्रत्येकावर पेन्सिलने शेताचं नाव, तारीख, कुठल्या कुंपणापासून किती पावलं, कुठे कुठे "पावसानंतर" असंही लिहिलेलं. चाळीस वर्षांचं काम. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं की असा माणूस भेटायला हवा होता. लिलावाच्या दिवशी गेले तर वस्तू काळ्या मखमलीच्या कार्डांवर ओळीने टाचलेल्या, सहा-सहाचे लॉट, सुंदर दिसत होतं अगदी. मी विचारलं पाकिटं? काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ती फार मळकी होती, टाकून दिली. मी कचऱ्याचा डबा कुठे आहे विचारलं, तोपर्यंत गाडी येऊन गेली होती. त्या मुलाला दोष देऊन काय करू, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की विकायची खरी गोष्ट पाकिटं होती. आणि मी आदल्या आठवड्यात एक फोटो काढला नाही. फोन हातात होता.

मी त्यातला एक लॉट घेतला. त्यात नवव्या शतकातलं पट्ट्याचं टोक आहे, बोटाच्या दोन पेरांएवढं, खाली जनावराचं तोंड, गोल कान, डोळे अजून शाबूत. कुठल्या शेतातलं? त्या माणसाला माहीत होतं, त्याने लिहूनही ठेवलं होतं.

याच्या उलट बघा. केंटमध्ये अठराव्या शतकात ब्रायन फॉसेट नावाचे एक पाद्री होते, त्यांनी १७५७ ते १७७३ या काळात सातशेच्या वर कबरी उकरल्या. आजच्या मापाने ती पद्धत भयंकर होती, एकेका दिवसात कितीतरी कबरी उकरायच्या. पण त्यांनी प्रत्येक कबरीत काय सापडलं ते वहीत वेगवेगळं लिहिलं. १७७१ मध्ये किंग्स्टनच्या माळावर २०५ नंबरच्या कबरीत त्यांना सोन्याचा तो प्रसिद्ध ब्रोच मिळाला, आठ सेंटीमीटरहून रुंद, बारीक बारीक कोंदणांत गार्नेटचे लाल खडे आणि निळी काच. सोन्याच्या पट्ट्या उभ्या करून घरं पाडायची आणि त्यात खडा तासून बसवायचा, आपल्या कोंदणकामाचाच भाऊबंद म्हणा. त्या काळच्या अशा दागिन्यांमधले काही गार्नेट आपल्या भारतातून गेलेले असावेत असं संशोधक मानतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. असो. तर फॉसेट यांना शेवटपर्यंत वाटत होतं की या कबरी रोमन वळणाच्या ब्रिटन लोकांच्या आहेत. चुकलं होतं त्यांचं, सपशेल. पुढे जेम्स डग्लस यांनी १७९३ मध्ये मांडलं की या अँग्लो-सॅक्सन आहेत. पण वही होती म्हणून चूक दुरुस्त करता आली! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांनी तो संग्रह नाकारला तेव्हा लिव्हरपूलचे जोसेफ मायर, धंद्याने सोनार, त्यांनी वहीसकट सगळा विकत घेतला, फुटू दिला नाही, वही छापून काढली आणि नंतर सगळं शहराला देऊन टाकलं. आजही लिव्हरपूलच्या म्युझियममध्ये आहे. सोनार होता म्हणून मला जास्तच अभिमान वाटतो, त्याला कळलं की वहीशिवाय हे नुसतं सोनं आहे.

आणि चिठ्ठी नसली की खऱ्यालाही खोटं ठरवतात. फुलर ब्रोच म्हणून चांदीचा एक मोठा ब्रोच आहे, नवव्या शतकातला, त्यावर पाच ज्ञानेंद्रियं माणसांच्या रूपात काढलीत, मधोमध टक लावून बघणारी दृष्टी. तो इतका स्वच्छ, इतका अखंड राहिलाय आणि कुठे सापडला याचा काही पत्ता नाही, म्हणून तज्ज्ञांनी तो नकली ठरवला. कॅप्टन फुलर नावाच्या संग्राहकाने तो फक्त चांदीच्या भावात घेतला. पुढे नक्षीत भरलेल्या काळ्या मुलाम्याची तपासणी झाली तेव्हा कळलं की अस्सल आहे, आणि १९५२ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमकडे आला. तो इतका अप्रतिम होता म्हणून कोणीतरी पुन्हा तपासला. तुमच्या-माझ्या पन्नास पौंडाच्या ब्रोचसाठी लॅब कोण उघडणार आहे.

खोट्या वस्तूंचा तर सुळसुळाट आहे. पूर्व युरोपातल्या ओतीव अंगठ्या "वायकिंग" म्हणून सर्रास विकल्या जातात, काही खऱ्या जुन्या असतात पण वायकिंगांशी त्यांचा काही संबंध नसतो, काही गेल्या महिन्यातल्या असतात. रंग, गंज, वजन यावरून ओळखायला वर्षं जातात आणि मीसुद्धा फसलेय. चिठ्ठी आणि नोंदीचा नंबर मागितला की निम्मे विक्रेते उत्तरच देत नाहीत, तेवढं काम आपोआप होतं.

भारतात मागवणाऱ्यांसाठी एक वेगळं. ब्रिटनच्या मातीत सापडलेली, पन्नास वर्षांहून जास्त काळाची पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर पाठवायची तर एक्स्पोर्ट लायसन्स लागतं, किंमत पाच पौंड असली तरी लागतं, आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे अर्ज करायचा असतो. "छोटीच गोष्ट आहे, साध्या पोस्टाने टाकतो" म्हणणारा विक्रेता कायदा मोडतोय आणि तुम्हाला त्यात ओढतोय. त्याला नाही म्हणा. तो पीस गेला तर जाऊ दे.

आणि जे आधीच तुमच्याकडे आहे त्याचं काय, तर ज्याच्याकडून घेतलं त्याला आजच मेसेज करा. त्याने कोणाकडून घेतलं, कुठल्या गावाकडचं आहे, नुसतं "नॉरफोक" एवढं कळलं तरी लिहून ठेवा, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं तेही लिहा, ऐकीव असेल तर ऐकीव लिहा. जुनी पावती, लॉटचं लेबल, मळकं पाकीट, काही फेकू नका. वस्तू विकलीत तर कागद तिच्याबरोबर जाऊ द्या. मी इकडे आहे, तुमच्यापैकी कोणाला नोंद शोधायला, मेल लिहायला मदत हवी असेल तर मी करते, रविवारी दुपारी मी तेच करत असते.

माझ्या त्या पट्ट्याच्या टोकासाठी मी खूप धडपडले. त्या आजोबांच्या घरच्यांना लिलाववाल्यांमार्फत पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. आसपासच्या डिटेक्टरवाल्यांना विचारलं, ते म्हणाले भला माणूस होता, फार बोलायचा नाही. नोंदवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले, त्यांनी प्रेमाने मोजलं, फोटो काढले आणि ठिकाणाच्या रकान्याशी येऊन थांबल्या. आता ते माझ्या टेबलाच्या खणात आजोबांच्या पेढीतल्यासारख्या पुडीत आहे आणि वर मी माझ्या अक्षरात चिठ्ठी लावलीय : पट्ट्याचं टोक, नववं शतक, ठिकाण माहीत नाही, पाकीट होतं.

तुमचीच,
लिंकनजवळची एक नाशिककर